एकच सिस्टीम, दोन शॉप फ्लोअर: माहिती प्रणालींच्या वापराची संस्कृतींमध्ये तुलना कशी करावी

समजा, एक कारखाना चाकणला आहे आणि त्याच कंपनीचा दुसरा जर्मनीत, श्टुटगार्टजवळ. दोन्हीकडे तीच ईआरपी (साठा, उत्पादन, हिशेब असं सगळं एकत्र सांभाळणारी संगणक प्रणाली), तीच आवृत्ती, रिजेक्शनची नोंद करायची स्क्रीनही तीच. जर्मनीत पीस खराब निघाला की काही मिनिटांत नोंद पडते. चाकणला दिवसभराच्या एन्ट्र्या शिफ्ट सुटताना एकदम मारल्या जातात, आणि शेजारी एक्सेलची फाइल अन् कागदी रजिस्टरही चालूच असतं. मुख्यालयातून विचारणा होते, हे असं का? मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, ‘कल्चर आहे हो आपल्याकडचं.’

हे वाक्य खरंही असू शकेल. पण ते म्हणण्याचा अधिकार कमवावा लागतो, आणि तो कसा कमवायचा हे सांगण्यासाठी हा लेख. कारखाने काल्पनिक आहेत, पद्धत खरी आहे. व्यवस्थापन किंवा माहिती तंत्रज्ञानात पीएचडी करणारे आणि बहुराष्ट्रीय कंपनीत दोन देशांच्या आकड्यांचा मेळ घालत बसलेले, अशा दोघांनाही ती उपयोगी पडावी.

पहिली पायरी: ‘वापर’ म्हणजे नेमकं काय, ते ठरवा

सिनॉप्सिसमध्ये बहुतेक जण लिहितात, ‘भारत व जर्मनीतील ईआरपी वापराचा तुलनात्मक अभ्यास’. यात वापर कुणाचा, कशाचा आणि कशासाठी, यातलं काहीच कळत नाही. अँड्र्यू बर्टन-जोन्स आणि डेटमार स्ट्राउब यांनी २००६ मध्ये मांडलेली विभागणी इथे कामाला येते: वापराला तीन बाजू असतात, वापरणारा माणूस, प्रणाली आणि काम. आपल्या उदाहरणात तपासणी करणारा कामगार, रिजेक्शनची स्क्रीन आणि खराब पीसची नोंद. आता मोजायच्या गोष्टी आपोआप पुढे येतात. दोष सापडल्यापासून नोंद पडेपर्यंत किती वेळ गेला? नोंदीतले किती रकाने भरले? तीच माहिती आणखी कुठे लिहिली जाते? दिवसातून किती वेळा लॉगिन झालं, या आकड्यातून यातलं काहीही कळत नाही.

याच टप्प्यावर, एकही आकडा हातात नसताना, एका कागदावर ‘संस्कृती सोडून’ संभाव्य कारणांची यादी करा. चाकणला अख्ख्या लाइनला मिळून एकच टर्मिनल आहे का? स्क्रीन इंग्रजीत आहे का? तपासणीवर कंत्राटी मुलं आहेत आणि दर काही महिन्यांनी बदलतात का? ग्राहकाचा ऑडिटर सहीचं रजिस्टरच मागतो का? नेटवर्क दुपारी मंदावतं का? या प्रत्येक कारणासाठी काहीतरी मोजण्याची सोय आराखड्यातच हवी. नंतर आठवलेली कारणं मोजता येत नाहीत, ती फक्त ‘अभ्यासाच्या मर्यादा’ या प्रकरणात जाऊन बसतात. शक्य असेल तर गृहीतकं आणि विश्लेषणाचा बेत आधीच ऑनलाइन नोंदवून ठेवा. आकडे पाहिल्यावर गृहीतक बदलण्याचा मोह भल्याभल्यांना होतो.

दुसरी पायरी: संस्कृती कुठल्या पातळीवर शोधणार?

या विषयात डच समाजमानसशास्त्रज्ञ गीर्ट हॉफस्टेड यांना वळसा घालून जाता येत नाही. आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या १,१६,००० हून अधिक प्रश्नावल्यांवरून त्यांनी देशांना गुण दिले आणि १९८० मध्ये ते पुस्तकरूपाने आले. सत्तांतराच्या मोजमापात भारत ७७, जर्मनी ३५. अनिश्चितता टाळण्यात भारत ४०, जर्मनी ६५. सत्तांतर म्हणजे इथे सरकार बदलणं नव्हे. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातलं अंतर लोक किती स्वाभाविक मानतात, ते. आणि अनिश्चितता टाळणं म्हणजे अस्पष्ट, बेभरवशाची परिस्थिती लोकांना किती नकोशी वाटते, ते.

हे आकडे इतके सोयीचे आहेत की थेट प्रबंधात चिकटवावेसे वाटतात: भारताचे ७७, म्हणून चाकणचा कामगार साहेबाला विचारल्याशिवाय रिजेक्शन टाकत नाही. इथेच पाय घसरतो. ते गुण देशाचे आहेत, माणसाचे नाहीत. विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून हा घोटाळा उघड करून दाखवला होता. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी दिसत होती. माणसागणिक पाहिलं तर नेमकं उलट: परदेशात जन्मलेल्यांमध्ये निरक्षरता थोडी जास्त होती. स्थलांतरित लोक शिक्षणाची सोय चांगली असलेल्या राज्यांत जाऊन राहिले होते, एवढंच. गटाच्या सरासरीवरून माणसाचा स्वभाव काढणं किती धोक्याचं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून संस्कृतीशी संबंधित मूल्यं तुमच्याच प्रतिसादकांकडून, व्यक्तीच्या पातळीवर मोजा. मार्क स्राइट आणि एलेना कराहाना यांनी २००६ मध्ये माहिती प्रणालींच्या अभ्यासात हाच मार्ग धरला. हॉफस्टेडच्या परिमाणांवर व्यक्तीसाठी बेतलेली २६ प्रश्नांची मोजपट्टीही उपलब्ध आहे. त्यानंतर तुम्हाला म्हणता येतं की चाकणच्याच ज्या कामगारांमध्ये सत्तांतर जास्त, त्यांच्याच नोंदी उशिरा पडतात. चाकणमध्ये आतल्या आत हे दिसत नसेल, तर चाकण आणि जर्मनी यांच्यातला फरक सत्तांतराच्या माथी मारण्याआधी दहा वेळा विचार करा.

आणखी एक. देश हा संस्कृतीच्या अनेक थरांपैकी फक्त एक थर आहे. चाकणचा क्वालिटीवाला विचारांनी चाकणच्याच अकाउंट्सवाल्यापेक्षा जर्मनीतल्या क्वालिटीवाल्याच्या जवळचा निघू शकतो. कंपनीची संस्कृती, व्यवसायाची, प्रांताची, सगळे थर एकमेकांत मिसळलेले असतात. मायकल मायर्स आणि फेलिक्स टॅन यांनी २००२ मध्ये राष्ट्रीय संस्कृतीच्या तयार साच्यांवर टीका केली ती याच कारणासाठी.

गुणात्मक अंगाने जाणाऱ्यांनी जेफ वॉलशम आणि संदीप साहाय यांचा १९९९ चा अभ्यास मुळातून वाचावा. पडीक जमिनींच्या व्यवस्थापनासाठी १९९० च्या दशकात भारतातल्या जिल्ह्यांमध्ये जीआयएस, म्हणजे संगणकीय नकाशांवर आधारलेली माहिती प्रणाली, आणण्याचे प्रयत्न झाले, पण रोजच्या कारभारात ती प्रणाली रुजली नाही. कारणांमध्ये एक होतं नकाशाशी असलेलं आपलं नातं. आपण पत्ता शोधताना नकाशा उघडत नव्हतो, टपरीवर विचारत होतो: ‘पुढं मारुतीचं देऊळ, तिथनं डावीकडं.’ पण लेखक तेवढ्यावर थांबले नाहीत. प्रणाली वैज्ञानिक संस्थांनी बनवली आणि ती वापरायची होती जिल्हा प्रशासनाने, खात्यांची एकमेकांशी गाठ नाही, हेही त्यांनी तितक्याच वजनाने मांडलं. संस्कृती आणि संस्थेची घडी या दोन्हींचं वजन असं शेजारी शेजारी ठेवून पाहणं, हा त्या लेखाचा खरा धडा.

तिसरी पायरी: ठिकाणं आणि माणसं निवडा

डेटमार स्ट्राउब, मार्क कील आणि वॉल्टर ब्रेनर यांचा १९९७ चा अभ्यास या क्षेत्रात वारंवार उद्धृत होतो. जपान, स्वित्झर्लंड आणि अमेरिका इथल्या एकेका विमान कंपनीतले कर्मचारी घेतले, तंत्रज्ञान एकच, ईमेल. त्याआधी १९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस यांनी मांडलेलं तंत्रज्ञान स्वीकाराचं प्रारूप त्यांनी तिन्हीकडे तपासलं. उपयुक्त आणि सोपं वाटलं की माणूस तंत्रज्ञान वापरतो, हे त्या प्रारूपाचं थोडक्यात म्हणणं. अमेरिका आणि स्वित्झर्लंडमध्ये ते लागू पडलं, जपानमध्ये पडलं नाही.

या आराखड्यातली चांगली गोष्ट अशी की उद्योग आणि तंत्रज्ञान सारखं ठेवलं. अडचण अशी की प्रत्येक देशातून एकच कंपनी, त्यामुळे देश आणि कंपनी यांचे परिणाम वेगळे करता येत नाहीत. आपण एकाच कंपनीचे दोन कारखाने घेतले तर कंपनीचा फरक बराचसा कमी होतो. मात्र निष्कर्ष त्या कंपनीपुरता अरुंद होतो. फुकट काहीच मिळत नाही.

(गंमत म्हणजे हॉफस्टेडचे प्रतिसादक आयबीएमचे, आणि डेव्हिस यांच्या १९८९ च्या लेखातला क्षेत्रीय अभ्यासही आयबीएमच्या कॅनडातल्या प्रयोगशाळेतला. जगभरच्या संस्कृतींवर बोलणारं हे शास्त्र किती एकाच कंपनीच्या दारातून आत आलंय पाहा.)

दोनच ठिकाणं घेणार असाल तर माझा सल्ला: तिसरं जोडा, आणि तेही शक्यतो भारतातलंच. चाकण आणि श्टुटगार्ट यांच्यात भाषा, पगार, वय, टर्मिनलांची संख्या, कामगार कायदे, हवामान, सगळंच वेगळं आहे. दोन बिंदूंतून हवी ती रेघ ओढता येते. चेन्नईजवळचा कारखाना घेतला आणि चाकण-चेन्नई फरक चाकण-जर्मनीइतकाच मोठा निघाला, तर ‘भारतीय संस्कृती’ हे स्पष्टीकरण तिथेच ढासळतं.

माणसं निवडताना पदनामावर जाऊ नका, कामावर जा. आपल्याकडचा आयटीआय झालेला तपासनीस आणि जर्मनीत शिकाऊ प्रशिक्षणाची काही वर्षं काढलेला तपासनीस यांचं पद एकच असलं तरी अधिकार वेगळे असतात. कायम आणि कंत्राटी ही विभागणी नमुन्यात वेगळी दिसायलाच हवी. रात्रपाळी विसरू नका. रिजेक्शनच्या खऱ्या गोष्टी रात्रपाळीतच कळतात.

संख्येबद्दल: पुढे सांगितलेलं सांख्यिकी विश्लेषण करायचं तर प्रत्येक ठिकाणी साधारण २०० प्रतिसाद हवेत. कारखान्यात तपासणीवर माणसंच ६० असतील, तर सर्वेक्षणाचा हट्ट सोडा आणि तुलनात्मक केस स्टडी करा. साठ लोकांवर लादलेल्या घटक विश्लेषणापेक्षा (कोणते प्रश्न मिळून एकच गोष्ट, म्हणजे एक ‘घटक’, मोजतात हे शोधण्याचं सांख्यिकी तंत्र) तीस चांगल्या मुलाखती केव्हाही बऱ्या.

चौथी पायरी: आधी कान, मग कागद

प्रश्नावली घेऊन शॉप फ्लोअरवर जाण्याआधी निदान दोन आठवडे दोन्हीकडे नुसते बसा. भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक यांनी आतून दिसणारं आणि बाहेरून दिसणारं असा भेद केला होता, तो इथे पुरेपूर लागू होतो. बाहेरून दिसतं ‘नोंदीला उशीर’. आतून दिसेल ते कदाचित असं: रिजेक्शन सिस्टीममध्ये पडलं की ते लगेच वरच्या डॅशबोर्डवर लाल दिसतं, मग फोन येतो, म्हणून लाइन लीडर आधी पीस रीवर्कला पाठवतो आणि जे खरंच वाया गेले तेवढेच संध्याकाळी टाकतो. ही आळशीपणाची गोष्ट नाही, हिशेबाची आहे. कुठल्याही तयार मोजपट्टीत हा प्रश्न नाही. तो तुम्हाला चहाच्या सुट्टीतच सापडणार.

एचआरच्या साहेबांबरोबर आत गेलात तर तुम्ही ऑडिटर ठरता. पहिल्या दिवशी ओळख करून द्यायला ते आले तरी दुसऱ्या दिवसापासून एकटे जा. ‘दादा, हे रजिस्टर कशाला लागतं?’ एवढाच प्रश्न पुरतो. वेळ निवडताना महिनाअखेरीची डिस्पॅचची गर्दी टाळा. साप्ताहिक सुट्टी विचारून घ्या, कारण एमआयडीसीत ती रविवारी असेलच असं नाही. गणपती-दिवाळीच्या आसपासचे आठवडे सोडा, आणि जर्मनीत उन्हाळी सुट्ट्यांचे.

पाचवी पायरी: भाषांतर

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. डेव्हिस यांच्या मोजपट्टीत प्रणाली ‘फ्लेक्झिबल’ वाटते का, असं एक विधान आहे. त्याचं भाषांतर झालं ‘ही प्रणाली लवचीक आहे’. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये रूढ केलेल्या पद्धतीप्रमाणे उलट भाषांतर करून घेतलं, तर दुसरा भाषांतरकार ‘लवचीक’चं पुन्हा अचूक ‘फ्लेक्झिबल’ करणार. चाचणी उत्तीर्ण! आणि शॉप फ्लोअरवरचा माणूस विचारात पडणार की सॉफ्टवेअर रबराचं कसं असेल. उलट भाषांतर शब्दशः भाषांतराला बक्षीस देतं, हा त्याचा मूळ दोष. ते करा, पण त्यावर विसंबू नका.

युरोपियन सोशल सर्व्हेमध्ये वापरली जाणारी समितीची पद्धत मला जास्त भरवशाची वाटते. पाच टप्पे: भाषांतर, आढावा, निवाडा, चाचणी आणि नोंद. दोन जण स्वतंत्रपणे भाषांतर करतात, मग विषय जाणणारा आणि ते काम प्रत्यक्ष करणारा यांच्यासह सगळे एकत्र बसतात, एक जण अंतिम शब्द ठरवतो आणि का ठरवला ते लिहून ठेवतो. पुण्यात जर्मन जाणणारे मराठी लोक मिळायला अडचण नाही. अडचण येते ती समितीत खरोखरच्या लाइन लीडरला बसवण्याची, आणि तोच सगळ्यात मोलाचा माणूस. ‘लवचीक’च्या जागी तो सांगेल, ‘मला हवं तसं या स्क्रीनवर काम करता येतं.’ ‘प्रणाली’ काढून टाकायला लावेल, कारण सगळे ‘सिस्टीम’च म्हणतात. ‘नोंद करणे’ला ‘एन्ट्री मारणे’ सुचवेल. छापील प्रश्नावलीत तसं लिहावं की नाही यावर तुमचं आणि तुमच्या गाइडचं भांडण होईल. मी लाइन लीडरच्या बाजूने.

चाकणला बाहेरच्या राज्यांतून आलेले कामगारही असतात, तेव्हा मराठीबरोबर हिंदी प्रतही त्याच काळजीने तयार करा आणि कुणी कोणती भरली ते नोंदवा. तिसऱ्या ठिकाणासाठी तमिळही लागेल. जर्मन प्रतीत ‘झी’ म्हणायचं की ‘डू’, म्हणजे आपलं तुम्ही की तू, हे तिथल्या माणसाला ठरवू द्या.

मग प्रत्येक भाषेत आठ-दहा जणांना समोर बसवून एकेक प्रश्न मोठ्याने वाचायला आणि ‘तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणायला लावा. माझ्या पहिल्यावहिल्या प्रश्नावलीत मधल्या पर्यायाला मी ‘तटस्थ’ लिहिलं होतं. एका फोरमनने चश्म्यावरून पाहत विचारलं, ‘तटस्थ म्हणजे? युनियनच्या भानगडीत नाही, असं?’ छापलेल्या तीनशे प्रती माझ्याकडे पुढे बराच काळ पाठकोऱ्या म्हणून वापरात होत्या.

सहावी पायरी: ‘हो’ आणि ‘होय’ यांच्यातला फरक

सहमत-असहमत पद्धतीच्या प्रश्नांना लोक केवळ मतानुसार उत्तरं देत नाहीत, सवयीनुसारही देतात. काही समाजांत विधानाला मान डोलावण्याकडे कल असतो, काही ठिकाणी टोकाचे पर्याय आवडतात, काही ठिकाणी मधला. जपान आणि तैवानमधले विद्यार्थी उत्तर अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांपेक्षा मधला पर्याय जास्त वापरतात, असं १९९५ च्या एका अभ्यासात आढळलं होतं. पाहुण्याने छापून आणलेल्या कागदावर ‘असहमत’वर खूण करणं आपल्याकडेही अनेकांना उद्धटपणाचं वाटतं. चाकणची सरासरी ४.३ आणि जर्मनीची ३.६ आली, तर तो सिस्टीमबद्दलच्या मताचा फरक आहे की सौजन्याचा?

उपाय काही आहेत, रामबाण कुठलाच नाही. पर्याय बोलीत लिहा: अगदी बरोबर, बरोबर, थोडंफार बरोबर, असे. ‘सांगता येत नाही’ हा मधला पर्याय नव्हे, तो वेगळ्या रकान्यात ठेवा. सातऐवजी पाच पायऱ्या पुरतात. मराठीत ‘काहीसा सहमत’ आणि ‘थोडा सहमत’ यांतला फरक लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. उलटे प्रश्न जपून वापरा, कारण ‘गोंधळ होत नाही’ याला ‘असहमत’ म्हणायचं म्हणजे दुहेरी नकार, आणि आठ तास उभं राहून आलेल्या माणसाला तो सोडवायला लावू नये.

मला सर्वांत पटणारा उपाय म्हणजे छोट्या कथा. गॅरी किंग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये चीन आणि मेक्सिको यांची तुलना केली. सरकारी निर्णयांत तुमचं किती चालतं, या थेट प्रश्नाला चीनमधल्या लोकांनी मेक्सिकोतल्या लोकांपेक्षा वरचे गुण दिले, जे तिथल्या निवडणुकांची स्थिती पाहता विचित्रच. मग त्याच लोकांना काल्पनिक माणसांच्या चार ओळींच्या गोष्टी देऊन त्या माणसांचं किती चालतं हे विचारलं, आणि स्वतःबद्दलचं उत्तर त्या गोष्टींच्या तुलनेत मोजलं. चित्र उलटं झालं. आपल्यासाठी अशी गोष्ट लिहिता येईल: ‘सुनीताला रिजेक्शनची एन्ट्री करायला पाच स्क्रीन उघडाव्या लागतात. रोज एकदा तरी तिला शेजारच्या माणसाला विचारावं लागतं. सिस्टीम वापरणं तिला किती सोपं जातंय?’ चाकणने सुनीतालाही ‘बरंच सोपं’ म्हटलं आणि जर्मनीने ‘अवघड’, तर मोजपट्टीचा शून्य कुठे सरकलाय ते कळलं. जर्मन प्रतीत सुनीताचं नाव बदलायचं, परिस्थिती नाही.

आणि प्रश्नावलीवरच सगळा भार टाकू नका. सिस्टीममधल्या वेळेच्या नोंदी, रजिस्टरचे फोटो आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांची जोड द्या.

सातवी पायरी: परवानग्या

सिस्टीमच्या नोंदी मिळवणं जर्मनीत केवळ आयटी विभागाच्या हातात नसतं. कर्मचाऱ्यांच्या वर्तनावर किंवा कामगिरीवर लक्ष ठेवू शकणाऱ्या तांत्रिक साधनांबाबत तिथल्या कामगार प्रतिनिधी मंडळाला, म्हणजे बेट्रीब्सराटला, त्या मंडळांविषयीच्या कायद्याच्या कलम ८७ खाली सहनिर्णयाचा हक्क आहे. शिवाय २०१८ पासून लागू असलेला युरोपचा जीडीपीआर, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा. काही महिने हातात ठेवा. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि तुमच्या संस्थेची नैतिकता समिती.

चाकणला परवानगी लवकर मिळते, आणि म्हणूनच जास्त जपायला हवं. सुपरवायझरने वाटलेले आणि सुपरवायझरनेच गोळा केलेले फॉर्म म्हणजे त्याचीच मतं दोनशे वेळा. बंद पेटी ठेवा. संमतीपत्रावर सही मागितली की कंत्राटी कामगार दचकतो. समितीची परवानगी घेऊन तोंडी संमतीची सोय करा. नावानिशी माहिती व्यवस्थापनाला मिळणार नाही, हे सुरुवातीलाच कंपनीकडून लेखी मान्य करून घ्या. नोंदी हाताळताना एक खास अडचण: एकाच लॉगिनवर अख्खी शिफ्ट काम करत असेल, तर व्यक्तीपरत्वे विश्लेषण शक्यच नाही. तिथे टर्मिनल आणि शिफ्ट हा एकक धरा, आणि लॉगिन वाटून का घेतलं जातं हाच एक प्रश्न करा.

आठवी पायरी: तराजू तपासा

आता आकडे आले. सरासऱ्यांची तुलना करण्याआधी मोजपट्टी दोन्हीकडे सारखीच चालते का, ते पाहायचं. याला मापन-समतुल्यता म्हणतात आणि तिच्या तीन पायऱ्या आहेत.

पहिली: दोन्हीकडे तेच प्रश्न त्याच घटकांखाली गोळा होतात का. सगळेच धान्य तोलताहेत, की एकीकडे तेल मोजलं जातंय? दुसरी: प्रत्येक प्रश्नाचा आपल्या घटकाशी असलेला संबंध दोन्हीकडे तितकाच घट्ट आहे का. म्हणजे एका तराजूत किलो आणि दुसऱ्यात शेर, असं तर नाही ना. तिसरी: घटकाची पातळी सारखी असताना प्रश्नाला उत्तरही सारखंच येतं का. काटा आधीच पावशेराने पुढे असेल तर वजन खोटं.

दुसरी पायरी जमली तर संबंधांची तुलना करता येते: सोपेपणाचा वापरावर होणारा परिणाम कुठे जास्त, वगैरे. सरासऱ्यांची तुलना करायला तिसरी लागतेच. तिसरी न तपासता ‘भारतीयांना सिस्टीम जास्त उपयुक्त वाटते’ असं लिहिलेले प्रबंध ग्रंथालयांत पडून आहेत.

करायचं कसं? ‘आर’ या मोफत मिळणाऱ्या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये ‘लावान’ नावाचं पॅकेज आहे. बहुगट पुष्टीकारक घटक विश्लेषण (आधी ठरवलेले घटक सगळ्या गटांत तसेच बसतात का, ते तपासणारं) चालवा, वरच्या तीन गोष्टी दोन्हीकडे सारख्या धरायची बंधनं टप्प्याटप्प्याने घाला आणि प्रत्येक टप्प्याला सीएफआय, म्हणजे प्रारूप आकड्यांवर किती चपखल बसतं ते सांगणारा निर्देशांक, किती घसरतो ते पाहा. ०.०१ पेक्षा जास्त घसरला तर ती पायरी जमली नाही, हा गॉर्डन च्युंग आणि रॉजर रेन्सव्होल्ड यांनी २००२ मध्ये सुचवलेला निकष आजही वापरला जातो. नापास झालात तर घाबरू नका. कोणता प्रश्न गडबड करतोय ते शोधा आणि तेवढ्यापुरतं बंधन सैल करा. प्रत्येक घटकात निदान दोन प्रश्न समतुल्य उरले तरी अंशतः तुलना चालते. आणि तो गडबड करणारा प्रश्न फेकू नका. तो घेऊन पुन्हा शॉप फ्लोअरवर जा. बहुधा तिथेच काहीतरी सापडतं.

नववी पायरी: उरलं काय?

पहिल्या पायरीवरची यादी आता काढा. टर्मिनलांची संख्या, स्क्रीनची भाषा, कंत्राटी-कायम, अनुभव, हे सगळं विश्लेषणात घातल्यावर दोन ठिकाणांतला फरक किती उरतो? निम्मा गेला असेल तर तो निम्मा संस्कृतीचा नव्हताच. उरलेल्यात व्यक्तीच्या पातळीवर मोजलेली मूल्यं घाला. त्यांनी आणखी काही फरक समजावला, तर तेवढ्यापुरतं संस्कृतीचं नाव घ्यायला जागा आहे. त्यानंतरही काही उरलं, तर ते ‘उरलं’ असंच लिहा. त्याला ‘संस्कृती’ नाव देऊन डबा बंद करू नका.

मुलाखती आणि आकडे भांडत असतील तर आनंद माना. आपल्या उदाहरणात आकडे म्हणतील की सत्तांतर जास्त असलेले लोक उशिरा नोंद करतात. मुलाखती म्हणतील की डॅशबोर्ड लाल झाला की फोन येतो. मग प्रश्न असा होतो: जर्मनीत तोच डॅशबोर्ड लाल झाल्यावर फोन कुणाला येतो आणि काय विचारलं जातं? हे पाहायला पुन्हा तिकडे जावं लागेल, निदान व्हिडिओ कॉलवर. आराखड्यात त्यासाठी महिनाभर राखून ठेवा.

दहावी पायरी: लिहिताना

मसुदा तयार झाला की दोन्ही ठिकाणच्या दोन-तीन जणांना त्यांच्या भाषेत त्यांच्याबद्दलचा भाग वाचून दाखवा. चूक दाखवली तर दुरुस्त करा, नुसती नाराजी असेल तर तीही नोंदवा. भाषांतराच्या सगळ्या प्रती परिशिष्टात द्या, जर्मन आणि तमिळही. समतुल्यतेच्या कोणत्या पायरीवर अडलात ते तळटीपेत न लपवता मुख्य मजकुरात सांगा.

मग पेन्सिल घेऊन एक मोजणी करा. चाकण ‘असं का वागतं’ हे समजावणारे परिच्छेद किती, आणि जर्मनी ‘असं का वागतं’ हे समजावणारे किती? नऊला एक असं प्रमाण आलं, तर जर्मनीतली लगेच पडणारी नोंद तुम्ही नैसर्गिक धरली आहे आणि चाकणची तेवढी समजावण्याजोगी. पण तिकडेही प्रश्न आहेतच: पीस हातात असताना काम थांबवून स्क्रीनकडे जायला त्यांना परवडतं कसं, तो वेळ कुणाच्या हिशेबात धरला जातो, रीवर्कची संधी कुठे जाते? त्या प्रकरणाचा अर्धा भाग पुन्हा लिहावा लागेल. सबमिशनच्या तारखेआधी सहा आठवडे त्यासाठी ठेवा.